कोळसा उरला, नगर ओसरले

नद्यांच्या काठाने गावे वसतात, बंदरांच्या आश्रयाने वाढतात, राजधान्यांच्या सावलीत श्रीमंत होतात. केवळ जमिनीखालच्या एका काळ्या थरासाठी, एरवी कोणी वस्तीचा विचारही केला नसता अशा डोंगरात, लाखाहून अधिक माणसे जाऊन राहिली आणि त्या थराची किंमत उतरताच तितक्याच वेगाने उठून गेली, असे उदाहरण शोधू लागलो तेव्हा आमची दृष्टी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर स्थिरावली. तेथील युबारी हे नगर आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले नाही. परंतु नकाशे, शिरगणतीचे आकडे आणि नगरपालिकेचे हिशेब यांच्या सोबतीने त्याच्याविषयी पुष्कळ जाणून घेता येते. हिशेबांचा उल्लेख आम्ही मुद्दामच केला. त्यांचे महत्त्व पुढे ध्यानी येईल.

सापोरो या मोठ्या शहराच्या पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरवर हा डोंगराळ मुलूख लागतो. युबारीचे क्षेत्रफळ ७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर व उपनगरे यांच्या एकत्रित क्षेत्राहूनही पुष्कळ मोठे. पण त्यातील बहुतेक सारे अरण्य. माणसाला राहायला उरतात त्या दऱ्या. युबारी नदी आणि तिला मिळणारी शिहोरोकाबेत्सू ही उपनदी यांच्या अरुंद खोऱ्यांत, दोरीला गाठी माराव्यात तशा वस्त्या एकीमागून एक पसरलेल्या आहेत. या नगराला म्हणूनच एक असा मध्य नाही. ज्या ठिकाणी खाणीचे तोंड उघडले त्या ठिकाणी वस्ती झाली, आणि दोन तोंडांमधील जागा रिकामीच राहिली. हिवाळ्यात येथे हिम पुष्कळ साचते. पूर्वेस युबारीदाके हे १,६६८ मीटर उंचीचे शिखर आहे. तेथे सापडणाऱ्या दुर्मीळ फुलझाडांकरिता वनस्पतिशास्त्रज्ञ ते आवर्जून चढतात. नाव मात्र जपानी नव्हे. बेटावरील मूळ रहिवासी जे आयनू, त्यांच्या भाषेत ‘युपारो’ म्हणजे खनिज पाण्याचा झरा जेथे उगम पावतो ती जागा. आयनूंनी पाण्यावरून नाव ठेवले, नंतर आलेल्यांना तेथे कोळसा दिसला.

कोळशाची पहिली शास्त्रीय वार्ता आणली ती बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने. मेजी राजवटीला नव्या जपानसाठी इंधन हवे होते, आणि परदेशी तज्ज्ञांना बोलावून घेण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. हाच लायमन १८७० साली इंग्रज सरकारसाठी आपल्या देशात, पंजाबात, खनिज तेलाची पाहणी करून गेला होता. पंजाबात त्याच्या हाती फारसे लागले नाही. होक्काइदोत मात्र १८७४ साली युबारी नदीच्या वरच्या अंगाला कोळशाची चिन्हे त्याने नोंदविली. त्याच्या तुकडीत असलेला बान इचितारो हा तरुण ती गोष्ट विसरला नाही. चौदा वर्षांनी, १८८८ साली, शिहोरोकाबेत्सूच्या उगमाकडे चढत असता कोळशाचा एक उघडा थर त्याला सापडला. त्याची जाडी चोवीस शाकू, म्हणजे सुमारे सव्वासात मीटर, दुमजली घराएवढी.

मग वेळ लागला नाही. १८८९ साली होक्काइदो कोळसा व रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिलाच पुढे सारे ‘होकुतान’ म्हणून ओळखू लागले. १८९० साली खाणकामास आरंभ झाला आणि १८९२ साली आगगाडी युबारीत पोहोचली. कोळसा मुरोरान बंदराकडे निघाला. हा कोळसा पोलाद भट्ट्यांना लागणारा, उत्तम जातीचा कोक देणारा होता, म्हणून त्याला मागणी कधी कमी पडली नाही. पुढे मित्सुबिशीनेही जवळच्या ओयुबारी भागात आपल्या खाणी चालविल्या. १९१८ साली गावाचे नगर झाले, १९४३ साली नगराचे शहर.

ही प्रगती फुकट मिळालेली नाही. युबारीच्या कोळशाबरोबर मिथेन वायू विपुल असे, आणि वायूला ठिणगीपुरते निमित्त पुरते. १९१२ या एकाच वर्षात दोन स्फोट झाले. दोन्ही वेळा दोनशेहून अधिक कामगार दगावले. १९१४ साली वाकानाबे येथील स्फोटात चारशेहून अधिक गेले, १९२० साली पुन्हा दोनशेहून अधिक. महायुद्धाच्या काळात जपानी तरुण आघाडीवर गेल्याने कोरियातून, आणि पुढे चीनमधूनही, माणसे आणून त्यांना सक्तीने खाणीत उतरविण्यात आले. नगराच्या वैभवाची कथा सांगताना हे प्रकरण गाळण्याकडे अनेकांचा कल असतो. तसे करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

तथापि, युद्धानंतरच्या युबारीतील वृद्धांना आपले बालपण सुखाचे वाटत असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. डोंगर-उतारावर कंपनीच्या लाकडी चाळी ओळीने उभ्या होत्या. घर कंपनीचे, पाणी कंपनीचे, जळण कंपनीचे, सार्वजनिक स्नानगृह कंपनीचे आणि इस्पितळही कंपनीचेच. भिंती पातळ असल्याने शेजाऱ्याचे भांडण आणि शेजाऱ्याचे जेवण दोन्ही सर्वांना कळे. एका घरचा माणूस खाणीतून वर आला नाही, तर साऱ्या चाळीत चूल पेटत नसे. गिरणगावाच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९६० साली युबारीची लोकसंख्या १,१६,९०८ होती आणि लहानमोठ्या मिळून चोवीस खाणी तेथे होऊन गेल्या.

तेथूनच उतरण लागली. आखाती देशांचे तेल स्वस्त झाले. त्यापाठोपाठ परदेशी कोळसाही जहाजाने येऊन युबारीच्या कोळशाहून स्वस्त पडू लागला. सरकारने धोरण ठरविले की तोट्याच्या खाणी मोडाव्यात आणि मोजक्या मोठ्या खाणींवर पैसा लावावा. कोळसा संपला म्हणून खाणी मिटल्या, असा सर्वसाधारण समज आहे, तो खरा नव्हे. कोळसा खाली होताच. तो वर काढण्याची मजुरी बाजाराला नकोशी झाली. १९७७ साली योजी यामादा या दिग्दर्शकाने ‘सुखाचा पिवळा रुमाल’ हा गाजलेला चित्रपट येथे चित्रित केला, तेव्हा तुरुंगातून सुटलेल्या नायकाच्या परतीसाठी त्याला याच चाळींची पार्श्वभूमी सापडली. त्या चाळींतील घरे तेव्हाच रिकामी होऊ लागली होती.

अखेरची आशा म्हणून होकुतानने युबारी नवी खाण उघडली. १९७५ साली तिच्यातून उत्पादन सुरू झाले. थर जवळजवळ हजार मीटर खोल होता, कोळसा उत्तम आणि वायू भरपूर. १९८१ सालच्या ऑक्टोबरच्या १ तारखेस नवा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि मोमिजियामा या स्थानकाचे ‘शिन-युबारी’, अर्थात नवे युबारी, असे नामकरण झाले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १६ ऑक्टोबरच्या दुपारी, नव्या खाणीत वायूचा प्रचंड उद्रेक झाला. बचावासाठी खाली उतरलेल्या पथकातील माणसेही आगीत सापडली. आग विझेना. वर आणता न आलेली ५९ माणसे आत होती. कोणी जिवंत असेल काय, याचे खात्रीलायक उत्तर कोणाजवळ नव्हते. आग विझविण्याचा एकच उपाय उरला होता. नदीचे पाणी खाणीत सोडायचे.

पाणी सोडण्यापूर्वी कंपनीचे अध्यक्ष कुटुंबांच्या दारोदार फिरले आणि त्यांनी संमती मागितली. आत असलेल्या नवऱ्यावर, मुलावर पाणी सोडण्यास घरच्यांनी ‘होय’ म्हणावयाचे होते! २३ ऑक्टोबरला भोंगे वाजले, नगर स्तब्ध उभे राहिले आणि युबारी नदीचे पाणी खाणीत जाऊ लागले. एकूण मृत ९३. पाणी उपसून शेवटचे प्रेत बाहेर येईपर्यंत पुढच्या वर्षीचा मार्च महिना उजाडला. त्या संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळविला. तांत्रिकदृष्ट्या दुसरा मार्ग नव्हता, असे जाणकार म्हणतात, आणि ते खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण खाण चालविण्याचा निर्णय घेताना ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांना ती बुडविण्याच्या वेळी मात्र विचारावे लागले, एवढे दिसते.

१९८२ साली ती खाण बंद पडली. १९८५ साली मित्सुबिशीच्या मिनामी-ओयुबारी खाणीतील स्फोटात ६२ जण मेले. १९९० साली तीही बंद झाली आणि युबारीत खाण म्हणून काही उरले नाही.

आता हिशेबांकडे वळू. कंपनी गेली तेव्हा जाताना तिने घरे, नळयोजना आणि इस्पितळ मागे ठेवले. ती तशीच पडू दिली असती तर उरलेल्या माणसांना हिवाळ्यात पाणीही मिळाले नसते. नगरपालिकेने ती सारी आपल्या अंगावर घेतली. खाणी मिटल्यानंतरच्या या निस्तरण्यावर नगरपालिकेचे सुमारे ५,८०० कोटी येन खर्च झाले, आणि त्यातील मोठा भाग कर्जाऊ होता. १९७९ पासून २००३ पर्यंत महापौर असलेले नाकाता तेत्सुजी यांनी ‘कोळशाकडून पर्यटनाकडे’ अशी हाक दिली. कोळशाचे इतिहासग्राम उभे राहिले, संग्रहालय झाले, पाळणे आले, १९९० साली चित्रपट महोत्सव सुरू झाला. डोंगरावरील बर्फक्रीडेचे केंद्र खासगी मालकाने सोडले तेव्हा २००२ साली नगरपालिकेने तेही विकत घेतले. पाहुणे आरंभी आले, मग येईनासे झाले.

तूट लपविण्याची युक्ती मोठी साधी होती. जपानी नगरपालिकांचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, पण एप्रिल आणि मे हे दोन महिने जुन्या वर्षाच्या वह्या उघड्या राहतात. त्या अवधीत नव्या वर्षाच्या पैशातून जुन्या वर्षाचे खड्डे भरावयाचे, पर्यटनाच्या खात्याला मुख्य खात्याने उसने द्यावयाचे, आणि नव्या वर्षातला खड्डा पुढच्या वर्षी बुजवावयाचा. कागदावर दरवर्षी जमाखर्च जुळे. बँका अल्प मुदतीची कर्जे देत राहिल्या. २००६ सालच्या जूनमध्ये हे उघडकीस आले. सुमारे ३५३ कोटी येन, असा आकडा घाईने लिहिला जाण्याचा संभव आहे. तो खरा ३,५३० कोटी येन. नगरपालिकेच्या वार्षिक नेहमीच्या उत्पन्नाच्या जवळजवळ आठपट! मार्च २००७ मध्ये दिवाळे अधिकृत झाले आणि नगराचा कारभार केंद्र सरकारच्या देखरेखीखाली गेला.

वृत्तपत्रांनी पाळण्यांची आणि महापौरांच्या हौशीची यथेच्छ थट्टा केली. ती अगदीच अस्थानी होती असे नव्हे, आणि वह्यांतील लपवाछपवीचे समर्थन तर कोणी करू नये. परंतु पाळण्यांनीच नगर बुडाले हे आम्ही मान्य करणार नाही. नव्वद वर्षे नफा ज्यांनी नेला त्यांनी निस्तरण्याचा भार मागे ठेवला, कोळशाचे धोरण ज्या सरकारने आखले त्याने मदत अपुरी दिली, आणि हिशेब मागितला गेला तो शेवटी चुलीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांकडे.

त्यांनी तो कसा चुकविला हे थोडक्यात सांगतो. कर वाढले, कचऱ्यावर शुल्क बसले. नगरपालिकेचे निम्म्याहून अधिक नोकर सोडून गेले, आणि महापौरांचा पगार सत्तर टक्क्यांनी कमी होऊन महिना २,५९,००० येनवर आला. १७१ खाटांच्या इस्पितळाचे १९ खाटांचे चिकित्सालय झाले. सात प्राथमिक शाळांची एक झाली, चार माध्यमिक शाळांचीही एकच. ग्रंथालय बंद पडले. या सर्वांतही लोकांची विनोदबुद्धी शाबूत राहिली. जपानीत ‘फुसाई’ या उच्चाराचे कर्ज आणि पतिपत्नी असे दोन अर्थ होतात. त्यावर कोटी करून ‘युबारी फुसाई’ नावाचे एक दांपत्य नगराचे बोधचिन्ह ठरले. पैसा नाही, पण प्रेम आहे, असे त्याचे सांगणे. नगरपालिकेने बंद केलेला चित्रपट महोत्सवही नागरिकांनी २००८ साली आपल्या बळावर पुन्हा भरविला.

टोकियोच्या महानगर प्रशासनाने मदतीस पाठविलेला सुझुकी नाओमिची हा तरुण कर्मचारी पुढे नोकरी सोडून परतला आणि २०११ साली, तिसाव्या वर्षी, महापौर झाला. मोडणारच असलेल्या गोष्टी आपण होऊन मोडाव्यात आणि बदल्यात काही मागून घ्यावे, ही त्याची रीत. शिन-युबारीपासून युबारीपर्यंतचा १६.१ किलोमीटरचा फाटा बंद करा, असे त्याने स्वतःच रेल्वे कंपनीस सुचविले आणि बससेवेसाठी साह्य पदरात पाडून घेतले. ३१ मार्च २०१९ रोजी त्या फाट्यावरून शेवटची गाडी धावली. सुझुकी त्याच वर्षी होक्काइदोचे राज्यपाल म्हणून निवडून आले.

कोळशाने जे केले नाही ते आता काहीसे खरबूज करते. ज्वालामुखीच्या राखेची माती पाणी धरून ठेवत नाही, आणि दिवसाचे ऊन व रात्रीची थंडी यांत मोठे अंतर असते. भाताला हे प्रतिकूल, खरबुजाला अनुकूल. १९६० च्या सुमारास शेतकऱ्यांनी दोन जातींचा संकर करून केशरी गराचे ‘युबारी किंग’ सिद्ध केले. २०१९ साली हंगामातील पहिल्या जोडीला लिलावात ५० लाख येन मिळाले. अशा किमती जाहिरातीसाठी असतात, हे खरे. पण खरबुजाची प्रतिष्ठा खोटी नाही.

२०२० च्या शिरगणतीत युबारीत ७,३३४ माणसे मोजली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक पासष्टी ओलांडलेली. ओयुबारीकडील काशिमा ही एके काळी गजबजलेली वस्ती शुपारो धरणाच्या जलाशयाखाली आहे. ते धरण २०१५ साली पुरे झाले. विखुरलेल्या चाळींतील माणसांना मध्यावरच्या शिमिझुसावा भागात आणून वसविण्याचे काम नगरपालिकेने हाती घेतले, कारण दोन घरांसाठी एका दरीतील हिम उपसणे तिला परवडत नाही. कर्जफेडीच्या योजनेत २०२६ हे अखेरचे आर्थिक वर्ष आहे. २०१९ सालच्या एप्रिलमध्ये संग्रहालयातील दाखविण्याच्या बोगद्याला आग लागली. ती खऱ्या कोळशापर्यंत पोहोचली, आणि तेव्हाही बोगद्यात पाणीच भरावे लागले. बान इचितारोला दिसलेला चोवीस शाकूंचा थर तेथून जवळच अद्याप उघडा आहे. होक्काइदोच्या शासनाने त्याला नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण दिले आहे.