वत्सगुल्माचें अंगण

वैशाखांतील दुपार कलली कीं वाशीमच्या जुन्या वस्तींत एक देखावा आजही पाहावयास सांपडतो. दिवसभर लोटलेलीं दारें उघडतात, कोणी गृहिणी अंगणांत घागरभर पाणी शिंपडते, आणि तापलेल्या काळ्या मातीचा वास विरतो न विरतो तोंच मोगऱ्याच्या कळ्या उमलूं लागतात. भिंतीच्या सावलींत ठेवलेल्या मातीच्या परळावर बुलबुलांचें जोडपें उतरतें. तीं उडालीं कीं दूर थांबलेली खार पुढें येते. या देखाव्याचा इतिहासाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु ज्या नगरीचीं हीं अंगणें, ती एके काळीं राजधानी होती. आणि तिच्या राजानें रचिलेल्या काव्याचा विषय अंगणांत आणून लावलेलें एक फुलझाड हाच होता. हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो प्रश्न तितकासा अप्रस्तुत वाटणार नाहीं.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्या पश्चात् राज्याचे विभाग झाले, आणि त्याचा पुत्र सर्वसेन यानें चवथ्या शतकांत येथें आपली गादी स्थापिली. या शाखेची ओळख बराच काळ पुसट होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत सर्वसेनाचें नांव होतें, परंतु अक्षरें झिजल्यामुळें तें नीट वाचलें गेलें नव्हतें. १९३९ सालीं वाशीम येथें सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट सांपडला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संशोधनानें ही वंशावळ स्पष्ट झाली. त्या ताम्रपटांत कुलाचें वर्णन संस्कृतांत आहे, आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतांत. या वंशांतील हरिषेण याच्या वराहदेव नामक सचिवानें तें सोळावें लेणें कोरविलें. पुढें पांचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास हें राज्य लयास गेलें, आणि त्या राजवाड्याची एक भिंतही आज उभी नाहीं. राजकीय वैभव या गांवानें अनेकदां येतांना व जातांना पाहिलें. इंग्रजी अमदानींत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो अकोला जिल्ह्यांत विलीन झाला. आणि १ जुलै १९९८ रोजीं त्याला तें पद पुन्हां मिळालें.

सर्वसेन हा केवळ राजा नव्हता. ‘हरिविजय’ नांवाचें महाकाव्य त्यानें महाराष्ट्री प्राकृतांत, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेंत, लिहिलें. त्याचें कथानक आपल्या घरोघरच्या मुलांस ठाऊक आहे. रुसलेल्या सत्यभामेची समजूत घालण्यासाठीं श्रीकृष्ण स्वर्गांतून पारिजातकाचें झाड आणतो, आणि तें तिच्या दारीं लागतें. लोककथेनें त्यांत पुढें भर घातली कीं झाड सत्यभामेच्या अंगणांत, पण फुलें पडतात तीं रुक्मिणीच्या अंगणांत. ज्याच्या घराला शेजार आहे आणि शेजाराच्या भिंतीवरून ज्याच्या फांद्या पलीकडे गेल्या आहेत, अशा कोणाही गृहस्थास या कथेचें मर्म निराळें सांगावें लागणार नाहीं. परंपरेनें ज्याला पारिजातक मानिलें तो आपला प्राजक्त उन्हाळ्यांत पाहावा तर ओका व खरखरीत दिसतो. त्याचा बहर पावसाळा सरतांना. तरीही या दिवसांत त्याच्या मुळाशीं पाणी घालणारा मनुष्य भाद्रपदांतील सडा डोळ्यांपुढें आणूनच तें घालीत असतो.

या काव्याची कीर्ति लहान नव्हती. काश्मिरांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त त्याचा नामनिर्देश केला, कुंतकानें सुकुमार मार्गाचे कवि सांगतांना कालिदासाच्या जोडीस सर्वसेनाला बसविलें, धारेच्या भोजराजानें व गुजराथेंत हेमचंद्रानेंही त्याची दखल घेतली. विदर्भाच्या या नगरीचा लौकिक असा होता कीं दहाव्या शतकाच्या आरंभीं राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचें लग्न वत्सगुल्मांतच लाविलें. आणि एवढें असूनही ‘हरिविजय’ आज आपणांस उपलब्ध नाहीं. इतरांनीं उदाहरणादाखल घेतलेले तुकडे तेवढे उरले आहेत. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेंतील प्रवरसेनाचा ‘सेतुबंध’ टिकला, कारण त्याच्या प्रती निघत राहिल्या, त्यावर टीका होत राहिल्या. ‘हरिविजया’ला कोणी शत्रूनें जाळल्याचें कोठें नमूद नाहीं. ताडपत्राचें आयुष्य मर्यादित असतें. एक प्रत जीर्ण होण्यापूर्वीं दुसरी उतरविली पाहिजे. तें काम केव्हां तरी थांबलें असावें, एवढेंच.

त्या काळचें घरगुती अंगण कसें होतें, हें मात्र आपणांस बरेंच तपशीलवार कळतें, आणि तें एका अनपेक्षित ग्रंथांतून. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रां’चें नांव निघतांच संभावित घरांतून भुवया उंचावतात, पण वत्सगुल्माच्या रीतिभाती ठाऊक असलेल्या या ग्रंथकारानें गृहिणीच्या कर्तव्यांचें जें प्रकरण लिहिलें आहे, तें कोणत्याही कुटुंबांत निःशंकपणें वाचावें असें आहे. स्वच्छ केलेल्या जागेंत तिनें हिरव्या भाज्यांचे वाफे करावे, ऊस, जिरें, मोहरी लावावी. मल्लिका, जाई, कोरांटी, तगर, जास्वंद अशीं पुष्कळ फुलें देणारीं झाडें व वाळा लावावा. बसण्यास सुंदर ओटे करावे आणि मध्यें विहीर किंवा तळें खणवावें. याहून महत्त्वाची गोष्ट तो पुढें सांगतो. मुळा, काकडी, वांगें, कोहळा, दुध्या यांचें बीं तिनें योग्य वेळीं धरून ठेवावें आणि योग्य वेळीं पेरावें. सोळाशें वर्षांपूर्वींच्या या यादींतील बहुतेक वस्तु आजच्या वाशीमच्या परसांत मिळतील. राजधानी गेली, महाकाव्य गेलें, आणि वांग्याचें बीं मात्र राहिलें. कारण तें दर वर्षीं कोणी तरी धरून ठेविलें.

मोगऱ्याची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. मल्लिका ती हीच. दाट पाकळ्यांचा मोगरा बहुधा बीं धरीत नाहीं. तो वाढतो दाबकलमानें: पावसाच्या तोंडावर एखादी लवचीक फांदी खालीं वांकवून, पेऱ्यापाशीं किंचित् चिरून, मातींत दाबावयाची व शेंडा वर मोकळा ठेवावयाचा, मुळ्या धरल्या कीं ती मूळ झाडापासून तोडून दुसरीकडे लावावयाची. हिवाळ्यांत पाणी तोडून झाडास ताण द्यावयाचा, मग छाटणी व खतपाणी करावयाचें, तेव्हां कोठें उन्हाळाभर फूल मिळतें. म्हणजे आज ज्या मोगऱ्याची वेणी आपण माळतों, तो कोणाच्या तरी हातून कोणाच्या तरी हातीं आलेला असतो. मागें मागें जावें तों ही हातांची साखळी कोठेंही तुटलेली नसते. तुटली असती, तर तें झाड आपल्यापर्यंत आलेंच नसतें.

आपल्या बागेंतील सर्वच फुलें इतकीं जुनीं आहेत असें समजण्याचें मात्र कारण नाहीं. देवाला वाहिला जाणारा खुरचाफा आणि सायंकाळीं उमलणारी गुलबक्षी हीं मूळचीं अमेरिकेंतील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर तीं इकडे रुजलीं. रस्त्यावर ऐन उन्हांत पेटणारा गुलमोहोर मादागास्कर बेटाचा. तो आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत आला. सर्वसेनानें गुलमोहोर पाहिला नव्हता; पळस, शिरीष व बहावा पाहिला असला पाहिजे. परंतु परदेशचें झाडही दोन पिढ्या पाणी घालणाऱ्याचें होऊन जातें, आणि पांखरें तर त्याचा मूळ गांव विचारीतच नाहींत. त्यांचा हिशेब निराळा. पळसासारख्या तांबड्या, निर्गंध फुलांना पक्ष्यांची डोळस भेट हवी असते, म्हणून त्यांवर शिंजीर व साळुंक्या दिसतात; जाई-जुईसारखीं पांढरीं सुवासिक फुलें अंधारांत येणाऱ्या पतंगांसाठीं उमलतात. पक्ष्यांना घाम येत नाहीं. चोंच उघडी ठेवून ते धापा टाकतात व त्या श्वासावाटे पाणी उडून अंग निवतें. वऱ्हाडांतील ४२-४३ अंशांच्या दुपारीं परळांतील ओंजळभर पाणी त्यांच्या जीविताचा प्रश्न असतो तो यामुळें.

याच बाबतींत आपण पूर्वजांहून एक पाऊल पुढें आलों आहोंत, असें नम्रपणें म्हणावेंसें वाटतें. वात्स्यायनाच्या नागरकाच्या घरीं पांखरें होतीं, पण तीं पिंजऱ्यांत. पोपट, मैना, कोकिळ, मोर यांची देखभाल गृहिणीच्या कामांतच गणलेली आहे. अगदीं आपल्या लहानपणापर्यंत ओसरीवर पिंजरा टांगलेला असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी पोपट असे कोंडून ठेवणें निषिद्ध झालें. आतां अंगणांत येतो तो पक्षी आपल्या इच्छेनें येतो, आणि न येण्याची मोकळीकही त्याला आहे. त्यामुळें त्याच्या येण्याला अर्थ आला, आणि आपल्यावरची जबाबदारीही वाढली. कारण अंगणांत फूल, सावली व पाणी नसेल तर तो येणार नाहीं.

आमच्या घरचा मोगरा माझ्या आईनें शेजारच्या वाड्यांतून कलम करून आणिला होता. कांहीं वर्षांपूर्वीं त्या वाड्याची वांटणी झाली. जुनें आवार मोडून कडेपर्यंत फरशी बसविली गेली, विहीर बुजली, आणि मूळ झाड गेलें. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. घर वाढलें, जागा पुरेना. गेल्या उन्हाळ्यांत त्या घरची सून संध्याकाळीं आली आणि संकोचानें म्हणाली, “काकू, आमच्या आजेसासूबाईंचा मोगरा तुमच्याकडे आहे म्हणतात. एक फांदी मिळेल का?” माझ्या पत्नीनें मृग निघतांच फांदी दाबली. दिवाळीनंतर ती कुंडींतून पलीकडे गेली. यंदा चैत्रांत त्यांच्या गच्चीवर पहिल्या पांच कळ्या आल्या, त्यांतील दोन तिनें आमच्या देवाला पाठविल्या.

‘हरिविजया’ची जर एकच प्रत अशी कोण्या शेजाऱ्याच्या घरीं राहिली असती, तर वाशीमच्या राजानें सत्यभामेच्या दारच्या त्या झाडाचें वर्णन कसें केलें होतें, हें आज आपणांस संपूर्ण वाचतां आलें असतें. तें आतां आपल्या हातीं नाहीं. अंगण मात्र अजून आहे. या पावसाळ्यांत ज्याच्या दारीं मोगरा असेल त्यानें एक फांदी मातींत दाबावी, आणि मुळ्या धरल्या म्हणजे ती स्वतःकडे न ठेवतां दुसऱ्या घरीं द्यावी.