रक्तातला आरएनए विजेने कसा ओळखतात?

घरात कोणाला मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर ओळखीचा असतो. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब ठेवायचा, काही सेकंदांत आकडा हजर. पट्टीवरचं एन्झाइम साखरेशी क्रिया करतं, त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉन्सचा वीजप्रवाह यंत्र मोजतं. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेली ही कल्पना. तीच युक्ती आता आरएनए शोधायला वापरण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

पण आरएनएच का? डीएनए हे मूळ पुस्तक धरलं, तर आरएनए म्हणजे त्यातल्या सध्या वापरात असलेल्या पानांच्या झेरॉक्स. पेशीत आत्ता काय चाललंय हे त्यावरून कळतं. डेंग्यू, फ्लू, कोरोना या विषाणूंचा तर सगळा मजकूरच आरएनएमध्ये असतो. शिवाय मायक्रोआरएनए नावाचे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे असतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी ते एका सूक्ष्म कृमीत शोधले (१९९३) आणि २०२४ चं नोबेल मिळवलं. कर्करोगाच्या गाठीतून हे तुकडे रक्तात येतात आणि तिथे बऱ्यापैकी टिकतात.

सेन्सरची रचना साधी आहे. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा छोटा धागा गंधकाच्या बंधाने चिकटवतात. हव्या त्या आरएनएशी त्याची अक्षरं जुळतील असाच तो बनवलेला असतो. धागा केसांच्या पिनेसारखा दुमडलेला, आणि टोकाला मिथिलीन ब्लूसारखा इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा रेणू. जुळणारा आरएनए येऊन बसला की पिन उघडते, ताठ होते, टोकाचा रेणू सोन्यापासून लांब जातो आणि प्रवाह घटतो. ही घट म्हणजेच उत्तर. अ‍ॅलन हीगर आणि केविन प्लॅक्सको यांच्या गटाने २००३ मध्ये अशी रचना डीएनए ओळखण्यासाठी दाखवली होती. आरटी-पीसीआरमध्ये आधी आरएनएचा डीएनए करावा लागतो, मग तापमान वरखाली करत त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. इथे तो खटाटोप टळू शकतो.

मग हे मेडिकलच्या दुकानात का मिळत नाही? मुख्य अडचण प्रमाणाची. रक्तातल्या साखरेच्या तुलनेत मायक्रोआरएनए अब्जावधी पटींनी कमी असतो. रक्तातली प्रथिनं सोन्यावर चिकटून खोटा संकेत देतात. 'लेट-७' कुटुंबातल्या काही तुकड्यांत एकाच अक्षराचा फरक असतो, तो धाग्याला ओळखता यायला हवा. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातला मायक्रोआरएनए मिसळून आकडाच बदलतो. हाताच्या त्वचेवर आरएनए खाणारी एन्झाइम्स असतात, ती वेगळीच.

आणि यंत्र अचूक असलं तरी अर्थ लावायचा राहतोच. 'एमआयआर-२१' हा तुकडा स्तन, फुफ्फुस, आतडं अशा कित्येक कर्करोगांत वाढतो. साध्या दाहातही वाढू शकतो. त्यामुळे 'एका थेंबात कर्करोग ओळखा' असा रील आला तर दोन गोष्टी बघाव्यात: चाचणी खऱ्या रुग्णांच्या रक्तावर झाली की प्रयोगशाळेत बनवलेल्या स्वच्छ द्रावणावर, आणि निरोगी माणसांत ती किती वेळा चुकली. बहुतेक बातम्यांत यातलं दुसरं सापडतच नाही. गाठ कर्करोगाची आहे का, हे ठरवायला डॉक्टर आजही साधारणपणे बायोप्सीच करतात.