धर्मपीठाविना धर्मविद्या

गोमती नगरात स्थिरावलेला मराठी अधिकारी सुट्टीच्या दिवशी जुन्या लखनौत चौकाकडे फिरावयास गेला, तर फिरंगी महालाचे नाव त्याच्या कानी पडल्यावाचून राहत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाने विद्वानांच्या एका घराण्यास दिलेली ही वास्तू. त्याच घराण्यातील मुल्ला निजामुद्दीन यांनी आखलेला अभ्यासक्रम ‘दर्स-ए-निजामी’ या नावाने हिंदुस्थानभरच्या मदरशांत रूढ झाला. धर्मविद्येस पीठ हवे आणि पीठास गुरुपरंपरा हवी, ही समजूत अशा स्थळी सहजच दृढ होते.

ज्यू समाजात हे स्थान ‘येशिवा’चे आहे. प्राचीन बाबिलोनातील सुरा व पुंबेदिता येथील विद्यापीठांपासून तालमुदाच्या अध्ययनाची ही परंपरा चालत आली आहे. विद्यार्थी दोघे-दोघे समोरासमोर बसून एकेका वचनावर वाद घालतात आणि या मंथनातूनच धर्मनिर्णय करणारे रब्बी तयार होतात. मात्र ज्यांची मातृभाषा मराठी, त्या कोकणातील बेने इस्रायलांना शतकानुशतके ना येशिवा लाभली, ना रब्बी. मग त्यांचा धर्म टिकला कशाच्या बळावर?

परंपरा सांगते की, अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात स्त्रिया व सात पुरुष तेवढे वाचले. ग्रंथ समुद्रात गेले, आचार उरला. हे लोक तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. सुंता, आहाराचे निर्बंध आणि ‘शेमा’ हा ईश्वराच्या एकत्वाचा हिब्रू उच्चार, एवढी त्यांची शिदोरी. पुढे दावीद राहबी नावाच्या पुरुषाने त्यांस ओळखले व झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून ‘काजी’ नेमले, असे ते सांगत. दिवे गावचा तो दिवेकर, किहीमचा तो किहीमकर. आडनावांतही कोकणच बोलत होते.

मुंबईत परिस्थिती पालटली. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली तेथे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आसपासचे लोक त्यास ‘मशीद’च म्हणत, आजच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. 1826 च्या सुमारास कोचीनहून शिक्षक आले. मिशनऱ्यांनीही हिब्रूचे पाठ सुरू केले; डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे खरे. परंतु बेने इस्रायलांनी विद्या तेवढी घेतली व धर्म आपलाच राखला.

यापुढील कार्य समाजाने स्वतः केले, आणि ते मराठीत केले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. 1874 साली पुण्यातही तशीच एक निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांमागून प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली. आणि 1880 च्या सुमारास तर अब्राहामाचे चरित्र कीर्तनातून रंगू लागले! तीच साकी, तीच दिंडी. आख्यान मात्र बायबलातील. येशिवेत जे काम वादाने होते, ते येथे आख्यानाने झाले. ज्या बाईस हिब्रूचे अक्षरही ठाऊक नव्हते, तीही योसेफाची कथा ऐकून घरी सांगू लागली.

या विद्येची खरी कसोटी लागली ती इस्रायलमध्ये. धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट व पुनर्विवाह पार पाडणारे रब्बी ज्यांच्यात नव्हते, त्यांच्याशी विवाह ग्राह्य कसा मानावा, अशी शंका तेथील धर्माधिकाऱ्यांनी काढली. 1962 मध्ये बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश निघाला. ज्या शनिवारासाठी वाडवडिलांनी घाणे थांबविले, त्याच्या बळावरही नातवंडांस ज्यू मानावयास पीठ राजी नव्हते. समाजाने जेरुसलेमेत धरणे धरले. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला आणि धर्माधिकाऱ्यांनाही आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

पीठाची थोरवी यामुळे उणी होत नाही. पीठ विद्येला खोली देते, शिस्त देते. पण पीठ नसेल तेथे घर, भाषा आणि चारचौघांनी एकत्र जमण्याची सवय हीच पाठशाळा होते. कराचीच्या नगरपालिकेत भूमापक असलेले सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी त्या परक्या शहरात 1893 मध्ये प्रार्थनामंदिर उभारले. ती वास्तू 1988 मध्ये पाडली गेली. मराठी मात्र समुद्रापलीकडे गेली. इस्रायलमध्ये बेने इस्रायलांनी मराठीत नियतकालिक काढले व त्यास नाव दिले ‘मायबोली’. बदलीच्या गावी मुलांना मराठी कशी शिकवावी, या विवंचनेत असणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. शाळा नाही म्हणून विद्या थांबत नाही. घरात ती सांगणारा कोणी उरला नाही, म्हणजे थांबते.