खामगावची कापसाची रेल्वे आणि नव्या मार्गाची माती

जालना-खामगाव रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडे एकच प्रश्न: कधी होणार? मला मात्र विचारायचंय, कशी होणार? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपली जलंब-खामगाव लाईन 1870 सालची. जेमतेम 13 किलोमीटर, पण उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कारण कापूस! अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कच्चा माल अडला आणि वऱ्हाडाला महत्त्व आलं. 1869 ला सुएझ कालवा उघडला, पुढच्याच वर्षी हे रूळ. खामगावची गाठोडी थेट मुंबई बंदरात. काम चोखच होतं, उगाच नावं ठेवणार नाही.

पण आखणीत प्रश्न एकच होता, कापूस लवकर बाहेर कसा जाईल. कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांना तर अशा फाट्यांवरून विलायती कापड आत येऊन देशी कापड मागे पडेल अशी आशाच होती. म्हणजे विणकराचं नुकसान त्यांना दिसत होतं, फक्त त्यांनी ते जमेच्या बाजूला धरलं. ज्वारीच्या जमिनीत कपाशी वाढली, खाण्याचं धान्य विकत घ्यायची वेळ आली. 1899-1900 च्या दुष्काळात रूळ होते, पण मजुराच्या हातात पैसा नव्हता. दुष्काळ रेल्वेनं आणला असं नाही, पाऊसच नव्हता. पण घरातली कणगी तोवर रिकामी झाली होती.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उलट उदाहरण बघा. काळी माती पाणी प्याली की फुगते, भरावाला चालत नाही, मुरूम लागतो. महामार्गाच्या कामात तो तलाव-नाल्यांतून काढला. रस्त्याला भराव मिळाला, गावाला खोल तलाव. हाच ‘बुलढाणा पॅटर्न’. अर्थात वरच्या पाणलोटात बांधबंदिस्ती नसेल तर तलाव पुन्हा गाळानं भरतो, आणि पुलाच्या मोऱ्या अरुंद ठेवल्या तर भरावाच्या वरच्या अंगाची शेतं तुंबतात. हे सगळं एकत्रच बघावं लागतं.

नवा मार्ग सुमारे 162 किलोमीटरचा, घाटावरून खाली पूर्णेच्या खोऱ्यात उतरणारा. भराव प्रचंड लागेल. त्यामुळे मंडळी, भूसंपादनाचा नकाशा मागाल तेव्हा मुरूम कुठल्या तलावातून येणार आणि मोऱ्या कुठे, किती रुंद, हाही कागद मागा. निविदा निघण्याआधी.