सत्तर आणि एकाहत्तर

कवीने आकड्यांच्या वाटेला जाऊ नये म्हणतात. पण आज मला एका आकड्याचाच इतिहास सांगायचा आहे. हा आकडा म्हणजे बुद्ध्यांक.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करावी, हा त्यामागचा हेतू. पुढे आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. शाळेसाठी जन्मलेला हा आकडा हळूहळू न्यायालयातही जाऊन बसला.

बौद्धिक अक्षमता असलेल्या गुन्हेगाराला देहदंड देऊ नये, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. अशा माणसाला परिणामांचा विचार नीट करता येत नाही, स्वतःच्या वकिलाला धड मदत करता येत नाही. न केलेल्या गुन्ह्याची कबुलीही तो देऊन बसू शकतो. पण अक्षमता ठरवायची कशी? फ्लोरिडा राज्याने सत्तरची रेघ ओढली.

फ्रेडी ली हॉल १९७८ मधल्या एका खुनाचा दोषी होता. मारली गेलेली तरुणी गर्भवती होती. तिच्या घरच्यांचे दुःख कोणत्याही आकड्याने हलके होणारे नव्हते, हे विसरून चालणार नाही. हॉलचा बुद्ध्यांक एका चाचणीत एकाहत्तर भरला. हा मुलगा मंद आहे, असे त्याच्या शिक्षकांनी वारंवार नोंदवले होते. तरीही राज्याचे म्हणणे एकच : सत्तरच्या वर आहे, पुढचा पुरावा नको!

२७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही रेघ पुसली. चाचणीत चूकभूल गृहीतच असते; एकाहत्तर म्हणजे सहासष्ट ते शहात्तरमधले काहीही. म्हणून माणूस रोजचे व्यवहार कसे करतो, हेही पाहायला हवे. २०१६ मध्ये हॉलच्या देहदंडाची जन्मठेप झाली.

मला वाटते, मानसतज्ज्ञाचे खरे काम आकड्यानंतर सुरू होते. शाळेचे दाखले, घरच्यांच्या आठवणी, समोरच्याची भाषा, हे सारे त्याने तपासायचे. कोणी वेड पांघरत नाही ना, हेही पाहायचे. बिने यांना मुलाला मदत करण्यासाठी आकडा हवा होता. न्यायालयानेही माणसाला ऐकून घेण्याआधी तो आकडा पुढे करू नये.