मत्स्यकन्येचे शेपूट आणि विणणारे हात

लोकरीच्या विणकामात दहा-बारा वर्षांपूर्वी एक नवी हौस रूढ झाली. लहान मुलाने दोन्ही पाय आत घालावेत, कमरेपर्यंत ओढून घ्यावे आणि पावलांच्या पुढे माशाचा दुभंगलेला पर पसरलेला दिसावा, असे एक पांघरूण. २०१४-१५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत त्याचे अक्षरशः वेड पसरले. नातवंडे परदेशी असलेल्या आमच्याकडील आजीबाईंच्या हातांतही मग हिरवी-निळी लोकर दिसू लागली. एका गंभीर त्रैमासिकात या खेळण्याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, हे पांघरूण म्हणजे मुळात शिवण नसलेली एक नळी आहे आणि त्या नळीचा इतिहास मठांतून, राजांच्या थडग्यांतून आणि गरिबांच्या ओसऱ्यांवरून आलेला आहे.

आरंभीच भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद मागावरच्या कापडाला, सुयांवरच्या स्वेटरला, टोपलीला आणि खाटेलाही चालते. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे परस्परांना छेदतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा ओढला जातो. म्हणून मागावरचे कापड ताठ राहते आणि सुयांवरचे ताणले जाते, अंगासरशी बसते. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात क्रूसाजवळच्या शिपायांनी प्रभूचा अंगरखा फाडला नाही, कारण तो बिनशिवणीचा, वरपासून अखंड होता, असे वर्णन आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द मागावरच्या विणीचा आहे. सुयांचे विणकाम त्या काळी पॅलेस्टाइनात नव्हते, जगात इतरत्रही असल्याचा पुरावा नाही. जर्मनीतील ट्रियर येथे तोच अंगरखा म्हणून जतन केलेले वस्त्र आहे. १५१२ साली सम्राट मॅक्सिमिलियन यांच्या उपस्थितीत ते प्रथम लोकांसमोर आले आणि पाचशे वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याची मोठी यात्रा भरली.

परंतु चित्रकारांना व्युत्पत्तीशी काय कर्तव्य? चौदाव्या शतकात इटलीत एक नवीच कल्पना रंगांत उतरली. आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती यांनी १३४५ च्या सुमारास पवित्र कुटुंबाचे चित्र काढले. त्यात पवित्र मरियेच्या हातात सुया आहेत. तोम्मासो दा मोदेना यांनीही विणणारी मरिया रंगवली. यांतील सर्वांत बोलके चित्र मात्र उत्तरेकडचे. हॅम्बुर्गचे चित्रकार मिंडेनचे बर्ट्राम यांच्या नावाने ओळखली जाणारी वेदीची चित्रे बुक्स्टेहूड येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या मठासाठी १४०० नंतरच्या दशकात तयार झाली; आज ती हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहेत. मरिया बसली आहे. चार सुयांवर गुलाबी तांबूस रंगाचा एक छोटा अंगरखा जवळजवळ पुरा होत आला आहे, गळ्याचे टाके तेवढे उरले आहेत. बाळ येशू गवतावर पुस्तक उघडून पहुडला आहे, जवळ भोवरा पडला आहे. आणि मागून दोन देवदूत येताहेत. त्यांच्या हातांत क्रूस, भाला, खिळे आणि काटेरी मुकुट आहे. बाळाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले आहे. आईचे लक्ष गळ्याच्या टाक्यांवर आहे.

ज्या अंगरख्यासाठी पुढे चिठ्ठ्या पडणार, तोच ती विणते आहे, हा चित्रकाराचा आशय. इतिहासाच्या दृष्टीने चित्र चुकीचे. पण विणकामाच्या इतिहासाला त्याने अनमोल साक्ष दिली. मधोमध अंगरखा आणि त्याभोवती चार सुया, म्हणजे १४०० च्या सुमारास उत्तर जर्मनीत गोल विणण्याची रीत चित्रकाराने जवळून पाहिलेली होती. ज्याने कधी टाके मोजलेले पाहिले नाहीत, त्याच्या कुंचल्यातून त्या सुया इतक्या अचूक उतरल्या नसत्या.

ही रीत युरोपात आली कोठून? इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील दफनभूमीत सापडलेले लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे असून चप्पल घालता यावी म्हणून अंगठा वेगळा काढलेला आहे. पाहणाऱ्याला ते सुयांवरचे वाटतात. वस्तुतः ते एकाच नाकाच्या सुईने, धाग्याचे तुकडे जोडत, गाठीगाठीने केलेले काम आहे. खरे सुयांवरचे विणकाम इजिप्तमध्येच, पण मुसलमानी अमदानीत, अकराव्या ते चौदाव्या शतकांतील पांढऱ्या-निळ्या सुती मोज्यांच्या रूपाने भेटते. तेथून ते स्पेनमध्ये गेले असावे. बुर्गोस येथील लास उएल्गास हा सिस्टर्शियन धर्मभगिनींचा मठ. कास्तिलच्या राजघराण्याचे दफनस्थानही तेच. १२७५ मध्ये निधन पावलेला राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याच्या थडग्यात रेशमी विणीच्या उश्या मिळाल्या. एका इंचात सुमारे वीस टाके! आणि त्यांवर अरबी कुफी लिपीत 'बरकत' या अर्थाचा शब्द विणलेला. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली मुसलमान कारागिराने विणलेला आशीर्वाद, तोही मठाच्या छायेत. धर्मयुद्धांची वर्णने वाचताना ही उशी आम्हांला हटकून आठवते.

पुढची दोन-तीनशे वर्षे हे काम श्रीमंतांचे आणि वेदीचे होते. महागुरुस्वामींचे उपासनेतील रेशमी हातमोजे विणीचे असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांचा वापर मागे पडला, म्हणून आजच्या पिढीने ते पाहिलेले नाहीत. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दी तोलेदो १५६२ साली वारली. तिला पुरताना घातलेले लाल रेशमी पायमोजे उपलब्ध आहेत आणि त्यांत उलट टाक्याची नक्षी आहे. आज मुलगी पहिल्याच दिवशी सुलट-उलट शिकते. त्या उलट टाक्याचे युरोपातील जुने नमुने सोळाव्या शतकापलीकडे फारसे जात नाहीत.

त्याच शतकात विणकाम गरिबांच्या हाती गेले, आणि येथून कथेचा रंग पालटतो. मोज्यांना मागणी वाढली. इंग्लंडमध्ये लिंकन, यॉर्क अशा नगरांनी शतकाच्या अखेरीस गरिबांच्या मुलांसाठी विणकामाच्या शाळा काढल्या. शाळा हा शब्द येथे उदारपणे घ्यावा लागतो; मुलाने स्वतःच्या पोटापुरते कमवावे, हा हेतू. त्या काळी यॉर्कशरमध्ये मोडणाऱ्या डोंगराळ भागात डेंट नावाचे खोरे आहे. तेथील बायका, पुरुष, मुले कमरेला लाकडी म्यान खोचून, त्यात सुईचे टोक रोवून, अंग झुलवत इतक्या वेगाने विणत की 'डेंटचे भयंकर विणकर' असे त्यांचे नाव पडले. कवी रॉबर्ट साउदी यांनी आपल्या 'द डॉक्टर' या बहुखंडी ग्रंथात एका वृद्धेची हकिकत दिली आहे. बेटी यूडेल तिचे नाव. ती सात-आठ वर्षांची आणि तिची बहीण पाच-सहा वर्षांची असताना दोघींना लँगडेलहून डेंटला विणकाम शिकायला धाडले गेले. दिवसभर सुया, रात्री सुया, आणि घरची आठवण. शेवटी त्या दोघी पळाल्या आणि ऐन थंडीत डोंगर ओलांडून पायी घरी पोहोचल्या.

ही हकिकत वाचताना आमचे मन पुनःपुन्हा त्या हिरव्या-निळ्या शेपटीकडे जाते. शतकानुशतके मुले मोठ्यांसाठी विणत होती. मोठ्या माणसाने महिनाभर बसून एका मुलाच्या केवळ मौजेसाठी विणावे, ज्याचा शेतावर, समुद्रावर, शाळेत कोठेही उपयोग नाही असे काही विणावे, ही गोष्ट मानवी इतिहासात फार अलीकडची आहे. तिला चैन म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी बेटीच्या वयाकडे एकवार पाहावे.

यंत्राचा शोध लावणारा माणूस आमच्याच व्यवसायातला होता, असे परंपरा सांगते! नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टनचा विल्यम ली हा अँग्लिकन धर्मोपदेशक. त्याची प्रेयसी भेटीच्या वेळीही सुयांवरून मान वर काढीना, म्हणून त्याने चिडून यंत्र बनवले, ही दंतकथा. १५८९ साली त्याने मोजे विणण्याची चौकट बनवली, हा इतिहास. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार दिला नाही. गरीब विणकरांच्या पोटावर पाय येईल म्हणून तिने नकार दिला, असे म्हणतात. ली फ्रान्समध्ये गेला, राजा चौथा हेन्री याचा आश्रय मिळाला, पण १६१० मध्ये राजाचा खून झाला आणि काही वर्षांनी ली तेथेच वारला. त्याची चौकट मात्र जगली. दोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, नॉटिंगहॅमशरच्या चौकट-विणकरांनी रात्री-अपरात्री चौकटी फोडल्या; ल्युडाइट हे त्यांचे नाव आज यंत्रद्वेष्टा या अर्थाने वापरले जाते. हा अन्याय आहे. ते स्वतः यंत्रावरच काम करीत. कमी मजुरी आणि निकृष्ट माल ही त्यांची तक्रार होती. पायाच्या आकाराचा मोजा टाके वाढवत-घटवत विणण्याऐवजी मालक रुंद पट्टा विणून, तो कात्रीने कापून शिवून विकत. असा मोजा शिवणीपाशी उसवे आणि बदनामी विणकराची होई. येथेही भांडण शिवणीचेच, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. १८१२ मध्ये चौकट फोडण्यास देहान्ताची शिक्षा ठरवणारा कायदा आला. लॉर्ड बायरन यांनी उमरावांच्या सभागृहात आपले पहिले भाषण त्याविरुद्ध केले. कायदा तरीही संमत झाला.

समुद्रकाठी हातांचे विणकाम टिकले. कॉर्नवॉल, यॉर्कशर, स्कॉटलंड येथील मच्छीमारांच्या बायका पाच सुयांवर घट्ट विणीचे बिनशिवणीचे अंगरखे करीत. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणायची, म्हणजे मनगट झिजले की तेवढेच उसवून नव्याने विणता येते. केवढी काटकसर ती! बुडालेला मनुष्य अंगरख्याच्या नक्षीवरून ओळखला जाई, अशी समजूत सर्वत्र आहे. तिचा उगम बहुधा जॉन सिंज यांच्या १९०४ च्या 'रायडर्स टु द सी' या नाटकात असावा. तेथे आयर्लंडच्या अरान बेटावरची कॅथलिक मुलगी बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते, आणि तोही नक्षीवरून नव्हे, तर विणताना तिच्या हातून गळालेल्या टाक्यांच्या संख्येवरून. आमच्या कोळीवाड्यांतील माणसांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता मत्स्यकन्येकडे. ही विधर्मी आकृती ख्रिस्ती घरात कशाला, असा प्रश्न एका सद्भावी गृहस्थांनी आम्हांला विचारला होता. आम्ही त्यांना कॉर्नवॉलमधील झेनोर गावच्या चर्चकडे बोट दाखवले. तेथील बाकाच्या कडेला पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी कोरलेली मत्स्यकन्या आहे, एका हातात फणी, दुसऱ्यात आरसा. गावातल्या सुस्वर तरुणाला तिने समुद्रात नेले, ही कथा विल्यम बॉट्रेल यांनी १८७३ मध्ये छापली. आयर्लंडच्या क्लॉनफर्ट येथील चर्चमध्येही वेदीकडच्या कमानीवर ती आहे. ग्रीकांची सायरन पक्ष्याच्या अंगाची होती. तिला माशाचे शेपूट देणारा पहिला ज्ञात ग्रंथ सातव्या-आठव्या शतकातला लॅटिन 'लीबेर मोन्स्त्रोरुम' आहे. मध्ययुगीन शिल्पकाराने तिला मोहाचे प्रतीक म्हणून चर्चमध्ये घेतले, हाकलून दिले नाही. आपल्याकडे गोव्यात सतराव्या शतकात घडलेल्या कोंतादोर नावाच्या खणांच्या कपाटांचे पायही अशाच आकृतींचे आहेत; कोणी त्यांना मत्स्यकन्या म्हणतात, कोणी नागिणी. आणि हान्स अँडरसन यांची १८३७ ची कथा? चित्रपटांनी तिचा विवाहसोहळा करून टाकला असला, तरी मूळ कथेतील मत्स्यकन्येला राजपुत्राइतकीच अमर आत्म्याची ओढ आहे. तीनशे वर्षे जगून फेस होणे तिला नको आहे. त्या गृहस्थांचे समाधान झाले की नाही, कळले नाही; त्यांच्या नातीचे शेपूट मात्र पुरे झाले.

ते विणतात कसे, हे पाहून आम्ही थक्क झालो. खवल्यांसाठी अनेकजणी शेटलंड बेटांवरची जुनी लाटांची वीण घेतात. अठरा टाक्यांचा एक पट्टा: पहिले सहा टाके दोन-दोन एकत्र करून तीन करायचे, मधल्या सहांपैकी प्रत्येकाआधी लोकर सुईवरून घेऊन बारा करायचे, शेवटच्या सहांचे पुन्हा तीन. अठराचे अठराच राहतात, पण कापड लाटेसारखे वळते. असे सहा पट्टे, म्हणजे १०८ टाके, मध्यम जाडीच्या लोकरीने इंचाला चार टाके धरले तर सत्तावीस इंच घेर देतात; पाच-सहा वर्षांच्या मुलाला तो सैलसर होतो. गुडघ्यांखाली टाके घटवत जायचे आणि शेवटी पराची दोन पाती वेगळी विणायची. तान्ह्या बाळासाठी मात्र हे नव्हे. एक वर्षाखालील मुलाच्या अंथरुणात सैल पांघरूण ठेवू नये, हे डॉक्टर सांगतात ते ऐकावे. आणि हे घालून मुलाने पाण्याजवळ जाऊ नये, हे सांगायला डॉक्टरही नको.

कमरेकडून आरंभ करावा की पराकडून, यावर विणणाऱ्या बायकांत मतभेद आहेत. कमरेकडून सोपे जाते. पराकडून सुरुवात केली, तर मोजणी किचकट होते, परंतु कमरेचे टाके शेवटी बंद होत असल्यामुळे ते पुढे केव्हाही उसवून सुईवर घेता येतात आणि मूल वाढले की चार बोटे उंची वाढवता येते. त्यासाठी लोकरीचा त्याच रंगाचा एक गुंडा डब्यात जपून ठेवायचा असतो.