कुमाऊँचे स्वयंपाकघर आणि त्याची बोली

उत्तराखंडातील अल्मोडा, नैनिताल, पिथौरागढ, बागेश्वर आणि चंपावत या डोंगराळ भागात कुमाउँनी बोलली जाते. या बोलीचे वैभव पाहायचे असेल तर तिच्या स्वयंपाकघरात डोकवावे. तेथील पदार्थांची नावे बहुधा कृतीवरून पडलेली आहेत, आणि नाव हरपले की कृतीही हरपते.

‘भट’ म्हणजे काळे सोयाबीन. हेच दाणे तेलात तडतडवून, पीठ लावून लोखंडी कढईत शिजवले की ‘चुड़काणी’ होते. भिजवून, वाटून मंद आचेवर आटवले की ‘डुबके’ होतात. वाटलेल्या भटांसोबत तांदूळ मऊ शिजवला की तो ‘जौला’. निरनिराळी कडधान्ये उकळून केवळ त्यांचे पाणी घेतले, तर त्याला ‘रस’ म्हणतात. या सर्वांना सरसकट ‘दाळ’ म्हटले, तर भाजणे, वाटणे, आटवणे आणि गाळणे यांतील भेद पुसला जातो.

उपकरणांचे शब्दही असेच नेमके आहेत. काशा-पितळेचे, जाड बुडाचे, अरुंद तोंडाचे ‘भड्डू’ हे डाळ सावकाश शिजवण्याचे भांडे. ‘डाडू’ म्हणजे डाळ वाढण्याचा डाव. दही लावण्याच्या लाकडी भांड्याला ‘ठेकी’ म्हणतात, तर ओढ्याच्या पाण्यावर चालणारी पिठाची चक्की ती ‘घट’. ‘पिस्यूं लूण’ म्हणजे मिरची, लसूण, कोथिंबीर घालून पाट्यावर वाटलेले मीठ. फोडणीला ‘जम्बू’ ही कांद्याच्या कुळातील हिमालयी वनस्पती वापरतात.

मराठी वाचकाला यातील काही शब्द ओळखीचे वाटतील. हातजात्याला तेथे ‘जांतर’ म्हणतात. तो शब्द आणि आपले ‘जाते’ हे दोन्ही संस्कृत ‘यंत्र’ शब्दातून आलेले. पालेभाजी दाट करण्यासाठी लावलेले पीठ तेथे ‘आलण’, तर जुन्या मराठीत ‘आळण’. घरापुढील फरसबंद अंगणाला ‘पटांगण’ म्हणतात आणि धान्य कांडण्याचे दगडी उखळ बहुधा तेथेच असते.

मात्र वस्तू गेली की शब्दही निघून जातो. प्रेशर कुकर आल्यावर भड्डू माळ्यावर गेला. विजेच्या चक्कीने घट थांबवला. रोजगारासाठी डोंगर उतरलेल्या कुटुंबांची मुले शहरात हिंदी बोलू लागली. २०११ च्या जनगणनेत सुमारे २० लाख ८१ हजार लोकांनी कुमाउँनी ही मातृभाषा नोंदवली. पण त्यांची गणना हिंदीच्या गटातच झाली. युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या नकाशातही या बोलीचा समावेश आहे.

२०२३ मध्ये उत्तराखंडातील मंडुवा (नाचणी), गहत (कुळीथ) आणि काळे भट यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे धान्याला बाजारात ओळख मिळाली. पण भटांची पाकिटे शहरात पोहोचली, तरी डुबके आणि चुड़काणी यांतील फरक पाकिटावर छापून कळत नाही. तो चुलीपाशी, बोलता बोलता पुढच्या पिढीच्या हाती दिला जातो. म्हणूनच कुमाउँनी पाककृतींची नोंद करताना त्यांची मूळ नावे आणि त्यामागील क्रिया जशाच्या तशा टिपून ठेवणे अगत्याचे आहे.